तिसरा रकाना

२०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या मंडळीची प्रार्थनासभा रोज रात्री नऊला फोनवर भरायची. आजाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे नाव आणि त्यापुढे ऑक्सिजनचा आकडा : ९१, ८८, ८४. उजवीकडचा रकाना प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांचा. रोज रात्री आमचं मागणं एकच असे, ‘प्रभू, हे टळू दे.’ आणि दिवस उजाडला की एखादं नाव डावीकडून उजवीकडे जाई.

विश्वास म्हणजे नेमका कशावरचा भरवसा, हा प्रश्न मला त्या वहीनं घातला. संकट टळण्यावरचा भरवसा म्हणावा, तर उजवीकडची माणसं विश्वासात कमी पडली असं म्हणावं लागेल. ते माझ्या जिभेवर येईना. त्यांच्यातल्या काहींकडूनच तर मी प्रार्थना करायला शिकले होते.

मी पुन्हा प्रेषित पौलाकडे वळले. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या काट्याविषयी सांगतो. तो काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला. देवाची कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. लहानपणी उपासनेत हा उतारा ऐकताना मला तो सरळ नकार वाटे. पुढच्या पिढ्यांनी संकटात या ‘पुरेशा’चा अर्थ कसा लावला, ते वाचत गेले तशी माझी समजूत बदलली.

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. सम्राट डेशियसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता, त्याच्या जखमा अजून ओल्या होत्या. अशा वेळी कार्थेजचा बिशप सिप्रियन आपल्या लोकांना सांगत होता, की फक्त आपल्यांची शुश्रूषा केलीत तर त्यात विशेष काही नाही, ज्यांनी छळलं त्यांचीही करा. आपली लायकी न पाहता मिळालेली कृपा दुसऱ्याला देताना त्याची लायकी कशी पाहायची? जी गोष्ट मिळवायची असं मानलं जाई, ती इथं द्यायची गोष्ट झाली.

१५२७मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हललं, पण मार्टिन ल्यूथर तिथंच थांबला. पत्नी कॅथरिना गरोदर होती आणि घरात रुग्ण होते. साथीपासून पळावं का, या प्रश्नावर त्यानं तेव्हा लिहिलेलं पत्र आजही ताजं वाटतं. औषध घ्या, घरात धुरी करा, गरज नसेल तिथं जाऊ नका, असं तो सांगतो. काळजी न घेणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. मात्र ज्याच्यावर कुणाचा भार आहे, त्यानं त्या माणसाला टाकून जाऊ नये. मास्क लावणं म्हणजे अविश्वास, असं आमच्यातही कुणी कुणी म्हणत होतं. त्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं.

पण मला खरं उत्तर मिळालं ते आपल्या केडगावात. पंडिता रमाबाई विशीच्या आतच पोरक्या झाल्या. दुष्काळानं आधी वडील नेले, मग आई, मग बहीण. आई अन्नासाठी तळमळत होती, तेव्हा रमाबाईंनी लाज गिळून शेजारच्या बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. तो मिळालाही. पण आईच्या अंगात तो खायचंही त्राण उरलं नव्हतं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांचं काम पुण्यात होतं, पण तिथं प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच ‘मुक्ती मिशन’. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या २,०००च्या घरात गेली. विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळं बायका चालवू लागल्या. रमाबाईंचा काटा कधीच निघाला नाही, आई परत आली नाही. पण भाकरी वेळेवर पोचली नाही तर काय होतं, हे जिनं पाहिलं होतं, ती आता भाकरी घेऊन स्वतःच निघाली. पौलाचं ‘पुरेसं’ मला इथं कळलं : स्वतःला पुरून दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोचेल इतकं.

अशा कृपेला किंमत पडते. जर्मन पाळक डिट्रिख बोनहॉफर यांनी १९३७च्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपा आणि महाग कृपा असा भेद केला आणि ९ एप्रिल १९४५ला नाझींच्या फासावर स्वतः ती किंमत मोजली. आपल्या देशात ती ग्लॅडिस स्टेन्स यांनी मोजली. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९मध्ये त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम, आणि फिलिप व तिमथी ही दोन लहान मुलं यांना गाडीत जिवंत जाळण्यात आलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. न्यायालयानं आपलं काम केलं. त्या मात्र पुढेही काही वर्षं मुलीसह ओडिशातच, बारीपदाला राहिल्या आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. क्षमा ही दुबळ्याची सोय आहे, असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

एका रात्री मी आकडे वाचून दाखवत होते. मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो, मध्येच म्हणाल्या, “आकडा लिहिलास बाळा, पण त्यांना लागतंय काय, ते लिहिलंस का?” मी पट्टी घेतली आणि समासातच तिसरा रकाना आखला. डबा. सिलिंडर. तान्ह्याला दूध. दफनाला चार माणसं. दोन-तीन दिवसांत त्यात मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही नावं आली.

‘हे टळू दे’ ही प्रार्थना आम्ही सोडली नाही. पौलानंही ती तीनदा केली होती. पण फोन ठेवण्याआधी तिसरा रकाना वाचला जाई आणि एकेका ओळीवर कुणी ना कुणी म्हणे, ‘मी जातो’, ‘ते माझ्याकडे’.

ती वही अजून माझ्याकडे आहे. उजवीकडची नावं वाचताना आजही घसा दाटून येतो. तिसऱ्या रकान्यातल्या मात्र प्रत्येक ओळीपुढे जाणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहे.