वाल्याच्या घरच्यांचा वाटा

मे २०१२मध्ये पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात एक जळालेला देह सापडला. तो कुणाचा, हे पोलिसांना तीन वर्षं ठरवता आलं नाही. २०१५मध्ये शीना बोरा या तरुणीच्या खुनाचं प्रकरण उघडकीला आल्यावर कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं अवशेषांतला डीएनए तिची आई इंद्राणी मुखर्जी यांच्या नमुन्याशी ताडला आणि नातं आई-मुलीचं असल्याचा निष्कर्ष दिला. खुनाचा आरोप ज्या आईवर आहे, तिच्याच रक्तातून मुलीची ओळख पटली.

एखाद्या खाडीकाठी उद्या अनोळखी प्रेत सापडलं, तरी वाट हीच. मुलाचा अर्धा डीएनए आईचा, अर्धा बापाचा. वाय गुणसूत्र तर बाप, भाऊ, चुलते यांच्यात जवळपास सारखंच असतं. मृताला नाव मिळावं म्हणून नातलगांनी आपणहून रक्त देणं हे पुण्यकर्मच. पण याच वाटेनं संशयितही शोधता येतो, आणि तिथे प्रश्न बदलतो: एकाच्या गुन्ह्यात घरच्यांचा वाटा किती?

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. नारदाच्या सांगण्यावरून तो बायकामुलांना विचारतो, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? सगळे नाही म्हणतात. लुटीवर पोसलेलं घरही पापाला बांधील नाही. करील तो भरील. कर्मविचारातली ही कठोर, पण न्याय्य बाजू आहे.

डीएनएच्या साठ्यात मात्र घरच्यांना कुणी विचारत नाही. २०१८मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो हा खुनी सापडला, तो वंशावळीच्या संकेतस्थळावर असलेल्या दूरच्या नातलगांच्या डीएनएमुळे. तेरा खुनांची त्यानं कबुली दिली. तो पकडला गेला हे उत्तमच झालं. तरी त्या नातलगांनी आपला डीएनए पूर्वज शोधायला दिला होता, गुन्हेगार शोधायला नव्हे.

आपल्याकडे २०२२च्या कायद्यानं अटकेतल्या व्यक्तीचे जैविक नमुने घेता येतात आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. डीएनए नियमनाचं स्वतंत्र विधेयक मात्र २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं मुलाची डीएनए चाचणी नाकारली: आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्माचा पंचनामा नको. हीच दया पोलीस तपासातही हवी. नात्यांवरून संशयित शोधताना एखाद्या निरपराध घरातला बाप जन्मदाता नसल्याचं कळलं, तर ते फायलीत लिहायचं का, कुणाला सांगायचं? गंभीर गुन्हा, न्यायालयाची आधी परवानगी आणि गुन्ह्याशी संबंध नसलेलं नातं उघड न करण्याचं बंधन, एवढं तरी संसदेनं कायद्यात लिहून द्यायला हवं.