पायमोडका क

हे काय आणलंयस? रक्तदानाचं पोस्टर ना? मग ‘रक्त’मधला क पाय मोडून का पडलाय? आणि ‘शिबिर’चं ‘शबिरि’ कुणी केलं? “सर, सॉफ्टवेअरनं केलं.” वा! मग पदवीही सॉफ्टवेअरलाच देऊ या. इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडला की जोडाक्षरं जुळतात, वेलांटी आपल्या जागी बसते. मिनिटभराचं काम. तुला माहीत नव्हतं म्हणतोस? गेल्याच महिन्यात शेजारच्या मुलीला तूच करून दिलंस. मी मागेच उभा होतो.

माहीत नसतं तर शिकवलं असतं, चिडलो नसतो. पण तुला दिसलं. दिसूनही प्रिंट काढलीस, वर लॅमिनेशन करून आणलंस! कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकायची होती? माझ्या? चष्मा आहे मला.

थंबनेल किती सांगितली होती? वीस. आणलीस तीन. तीही पोस्टर झाल्यावर काढलेली. तिन्हींत लेआउट तोच, फक्त छोटा. बारशानंतर डोहाळजेवण घालतोस होय रे? “रात्री तीनपर्यंत जागलो, सर.” जागलास, पण कशाला? पिंटरेस्टवर बोट फिरवायला. दोनशे पोस्टरं साठवलीस, त्यातलं एकही मराठी नाही. रोमन अक्षरांसाठी मांडलेल्या जागेत देवनागरी कोंबलीस. मग शिरोरेषा आणि वरच्या मात्रा एकमेकांच्या उरावर बसल्या, तर दोष फॉन्टचा! विंडोजमधला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला. एकेका जोडाक्षराचा विचार करून. कमल शेडग्यांनी नाटकांची शीर्षकं हातानं काढली. नाटक बदललं की अक्षराचा स्वभाव बदलायचा. आणि तुला एक क सरळ उभा करता येत नाही?

तो हिरवा रंग. स्क्रीनवर झगझगीत, कागदावर शेवाळ. प्रिंटवाल्याशी भांडून आलास म्हणे. त्या बिचाऱ्यानं काय करायचं? चार शाईंत तो हिरवा बसतच नाही, हे दुसऱ्या वर्षात शिकलास तू. परीक्षेत लिहिलंसही. मार्क मीच दिलेत.

आणि त्या दुकानाच्या बोधचिन्हाचं काय? कॉफीच्या कपावर लावलंस, पिशवीवर लावलंस, विमानतळाच्या फलकावरसुद्धा. दुकान कसलं आहे? किराणा मालाचं. मग पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात, एका शाईत, नखाएवढं छापून बघितलंस? नाही. कारण तिथे ते मेलं असतं, आणि तुला ते ठाऊक होतं. वर्गात रुपयाच्या चिन्हाची गोष्ट निघाली तेव्हा मागच्या बाकावरून तूच म्हणालास, “यात काय एवढं?” 2010 साली सरकारनं निवडलेलं उदयकुमारांचं ते चिन्ह. देवनागरी र, उभी रेघ काढलेला रोमन आर, वर शिरोरेषा. बस्स. एवढं सोपं असेल तर तुझ्या चिन्हात सात रंग, तीन फॉन्ट आणि वर सावली कशाला लागली?

लॅपटॉप जुना आहे, मूड लागत नाही, क्लायंटला अक्कल नसते, आता तर म्हणे एआयच सगळं करणार. हे वाकडं अंगण मला पाठ आहे. अरे, मोडका क त्या यंत्रालाही खटकत नाही. तुला खटकतो. तेवढंच तुझं भांडवल, आणि तेच तू गहाण टाकतोस. उद्या नोकरी मागायला जाशील, पोर्टफोलिओ उघडशील. समोरचा माणूस तुझे मॉकअप भराभर उलटेल आणि एकच विचारेल: हे असंच का केलंस? तेव्हा काय सांगणार? मूड होता?

पहिल्या वर्षी बोरूनं काढलेला तुझा ‘क्ष’ माझ्या कपाटात आहे अजून. दर वर्षी नव्या पोरांना दाखवतो. अकरा कागद फाडलेस त्या दिवशी आणि बारावा माझ्या टेबलावर ठेवून न बोलता निघून गेलास. तेव्हा कुठलं सॉफ्टवेअर होतं तुझ्याकडे? तो मुलगा कुठे ठेवून आलास?

तोंड पाडून उभा राहू नकोस. हे पोस्टर घेऊन जा, मी सही करणार नाही. सोमवारी सकाळी नऊला ये. वीस थंबनेल, पेन्सिलीनं. लॅपटॉप घरी राहू दे.