धरणे आणि सोडणे

मराठीत ‘धरणे’ या क्रियापदाची व्याप्ती फार मोठी आहे. आपण उपास धरतो, नेम धरतो, मौन धरतो. त्याचप्रमाणे राग धरतो, हट्ट धरतो आणि अबोलाही धरतो. क्रियापद एकच, परंतु त्यांपैकी काही गोष्टींना आपण संयम म्हणून गौरवितो आणि काहींना दुराग्रह म्हणून नावे ठेवतो. हा भेद कशावरून करावयाचा? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला मोटार-दुरुस्तीच्या शेडमधील एका नित्याच्या कामाचा मोठाच उपयोग झाला. तेव्हा आधी ते काम थोडे विस्ताराने सांगतो.

पावसाळा सरला की गोव्यातील आणि कोकणातील मिस्त्र्यांकडे एक तक्रार हमखास येते. घरधनी मुंबईस किंवा आखातात नोकरीला. गाडी ज्येष्ठापासून घराच्या कडेला उभी. जागा उताराची म्हणून हँडब्रेक घट्ट ओढून ठेवलेला. आश्विनात धनी परत येतो, हँडब्रेकचा दांडा खाली करतो, इंजिनही सुरू होते. पण मागची चाके हलत नाहीत. मारुती ८०० सारख्या गाडीत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या या बिडाच्या ड्रमच्या आत अर्धचंद्राकार असे दोन शू बसविलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनिंग असते. हँडब्रेक ओढला की केबल ताणली जाते आणि शू फाकून ड्रमला आतून दाबतात. सोडला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढून घेतात. एरवी हे विनातक्रार चालते. परंतु दमट हवेत बीड आणि लायनिंग यांच्यामध्ये गंज धरू लागतो. एका रात्रीचा गंज सकाळी ‘कट्’ असा आवाज होऊन सुटतो. चार महिन्यांचा गंज दोहोंना चिकटवून टाकतो. कित्येकदा केबलही आपल्या आवरणात गंजून बसते, आणि मग दांडा खाली गेला तरी शूंपर्यंत तो निरोप पोहोचतच नाही.

अशा वेळी उतावळा मनुष्य पहिला गिअर टाकून जोर लावतो. येथे या यंत्राचा एक स्वभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. चाक ज्या दिशेने फिरू पाहते, त्या दिशेकडील शू घर्षणामुळे ड्रममध्ये आणखीच ओढला जातो. चालत्या गाडीत हा गुण उपकारक ठरतो, कारण थोड्या दाबाने पुष्कळ पकड मिळते. जाम झालेल्या चाकाला मात्र तोच गुण बाधतो. पुढे रेटावे तसतशी मिठी आवळत जाते. फारच जोर केला तर कधी कधी चाक सुटते, पण लायनिंग शूपासून उपटून निघते. गाडी चालू लागते आणि ब्रेक मात्र गेलेला असतो.

जाणता मिस्त्री प्रथम विचारतो, अडले आहे कोठे? केबलमध्ये, शूमध्ये, की पिस्टनमध्ये? तो गाडी हलकेच मागे-पुढे झुलवितो, आणि पुष्कळदा मागे सरकवतानाच ती सुटते. तेवढ्याने भागले नाही, तर पुढच्या चाकांना दगड लावून, मागची बाजू उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकवून तो चाक काढतो. नुसत्या जॅकवर विसंबून तो हात घालीत नाही. ड्रमवर लाकडी मोगरीने सभोवार हलके ठोके देतो, कारण बीड ठिसूळ असते आणि हातोड्याच्या एका घावाने तडकते. मागच्या पत्र्यात खाच असल्यास तीतून ॲडजस्टर फिरवून तो शू आत घेतो. ड्रमला आटे पाडलेली दोन भोके असल्यास त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे पिळतो. गंज सोडविणारे तेल तो मधल्या बैठकीशी घालतो, पण त्याचा थेंबही लायनिंगवर जाऊ देत नाही. तेलकट लायनिंग सुटते खरे, परंतु पुन्हा धरीत नाही. आतली भुकटी तो तोंडाने फुंकीत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या चार महिन्यांत ती गाडी उभी असते, त्याच काळात आपल्याकडे चातुर्मासाचे नेम चालतात. आषाढी एकादशीला कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. परंतु ज्यांनी ही व्रते घालून दिली, त्यांनी धरण्याबरोबर सोडण्याचीही सोय करून ठेवली. उपासाला पारणे आहे, व्रताला उद्यापन आहे, चातुर्मासाला कार्तिकी आहे. सोडण्याचा दिवस पुढे दिसत असल्यामुळे व्रत करणारा हा व्रताचा धनी राहतो. अबोल्याला मात्र पंचांगात उद्यापनाची तिथी नाही. तो धरला तेव्हा कदाचित रास्तही असेल. वाटणीच्या वेळी दोघा भावांमध्ये शब्दाने शब्द वाढला, आणि आणखी काही बोलले जाऊ नये म्हणून दोघेही गप्प झाले. त्या दिवशी ते गप्प राहणे शहाणपणाचेच होते; उतारावर ब्रेक ओढावाच लागतो. पण उतार संपला, कारण विस्मरणात गेले, तरी मौन तसेच राहिले. चतुर्थीला एकाच मूळघरात, एकाच गणपतीपुढे दोघे आरतीला उभे राहतात, आणि एकमेकांना निरोप द्यावयाचा तो मुलांकरवी देतात. येथे कोणी काही धरलेले नसते. केवळ सुटत नसते. आमच्या मते संयम आणि दुराग्रह यांमधील भेद येथेच आहे. जे मला इच्छेप्रमाणे सोडता येते, तेच मी धरले आहे असे म्हणता येते. जे सोडता येत नाही, त्याने मला धरलेले असते.

यावर कोणी विचारील की, मग आजन्म पाळलेल्या नेमाचे काय? ज्याने दारू सोडली, त्याने वर्षातून एकदा नेम मोडून पाहावयाचा काय? मुळीच नव्हे. रोज धावणाऱ्या गाडीचा ब्रेक दिवसातून शंभर वेळा लागतो, आणि म्हणून ड्रमच्या आतली बाजू घासून लखलखीत राहते. तेथे गंजाला बसावयास फुरसतच मिळत नाही. त्या मनुष्याचा नेमही असाच आहे. मोह रोज नव्याने येतो आणि तो रोज नव्याने नाही म्हणतो. त्याचा निग्रह चालता आहे. अबोला हा उभा राहून गंजलेला निग्रह आहे. वर्षांची संख्या दोन्हीकडे सारखी असली, तरी जात निराळी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला, त्यानेच सोडावे काय? येथे मिस्त्रीचा दाखला पुन्हा उपयोगी पडतो. ब्रेक सुटला म्हणून तो गाडी लागलीच चोर्ला घाटात नेत नाही. आधी सपाटीवर हळू चालवून ती थांबते की नाही हे पाहतो. मन मोकळे करणे म्हणजे सावधपणा टाकून देणे नव्हे. भावाशी पुन्हा बोलू लागलेल्या मनुष्याने कोऱ्या कागदावर सही करून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. गोड बोलण्याचे तेल कोठे घालावे आणि कोठे त्याचा थेंबही जाऊ देऊ नये, याला विवेक लागतो.

आणि ज्यांना पुढे दीर्घ काळ गाडी उभी ठेवावयाची आहे, त्यांना मिस्त्री सांगतो की शक्यतो सपाट जागा पाहा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका. दगडही चाक अडवितो, परंतु तो बाहेर असतो, डोळ्यांना दिसतो आणि कोणासही उचलता येतो. माणसामाणसांतही जेथे अडसर हवाच असेल, तेथे तो असा बाहेर ठेवावा. हद्द मोजून घ्यावी, वाटणीपत्र लिहावे, हिशेब चुकता करावा. त्यासाठी मनाने मनाला आवळून धरण्याचे कारण नाही. आणि जेथे पूर्वीच गंज धरला आहे, तेथे एकदम मूळ तंट्याला हात घालू नये. तो विषय पुढे रेटला की मिठी आवळते. येत्या चतुर्थीला माटोळीची दोरी बांधताना ‘जरा हे टोक धर’ एवढेच भावाला म्हणावे. चाक बोटभर हलले, तरी त्या दिवसापुरते पुरे.