घड्याळातले खडे

बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या मराठी घरांत जुन्या एच.एम.टी. घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ ही अक्षरे आजही वाचायला मिळतात. हे खडे म्हणजे कृत्रिम माणके. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात. माणिक कठीण, त्यामुळे झीज कमी. घड्याळ बांधणाऱ्याला ती कधी दिसत नाहीत. रत्नजडित घड्याळाचे हिरे मात्र बाहेर, तबकडीभोवती. वेळ दाखवण्यात त्यांचा हात नाही. म्हणून ते फुकट, असे मी म्हणणार नाही; शोभा हेही कामच आहे.

प्रश्न निराळा आहे. आतले माणिक घड्याळजीने बदलले तरी घड्याळ तेच राहते. मग दागिन्याचे काय? बडोद्याच्या गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार प्रसिद्ध होता. २००७ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्यातले निवडक ६८ मोती आले, दोन पदरांत ओवलेले. किंमत आली सुमारे ७१ लाख डॉलर्स. मोती अस्सल, पण तो हार बडोद्याचा उरला काय? उलट, दुसरेच मोती घेऊन कुणी पटवेकऱ्याने सात पदर हुबेहूब तसेच ओवले, तर? वारसा घडणीत असतो असे मानणारा मी त्यालाच बडोद्याचा हार म्हणेन. सराफ मंडळी हसतील, हे ठाऊक आहे.