आपल्यापुरत्या आज्ञा

टर्मिनलमध्ये दिवसभर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत शेलच्या मांडणीची एक फाइल असते. बॅश वापरणाऱ्यांची 'डॉट बॅशआरसी', झेडशेलवाल्यांची 'डॉट झेडएसएचआरसी'. नेहमीची कटकट वाचवणाऱ्या चार-दोन ओळी तिच्यात अधूनमधून पडत जातात. या ओळींना मी फार मोल देतो. संगणक वापरणारा आणि संगणकाला नवे काही शिकवणारा ही दोन माणसे इथे एकच होतात.

ही मोकळीक घडत घडत आली. डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला; एका आज्ञेने काढलेले उत्तर थेट दुसरीच्या हाती जाऊ लागले. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि अटी, लूप, व्हेरिएबल यांच्यासह पुरता प्रोग्राम लिहिता येऊ लागला. बर्कलीत बिल जॉय यांच्या सी शेलने एलियस दिले. आज कुणीही एका ओळीत स्वतःची आज्ञा करू शकतो, त्यामागे ही सगळी मेहनत आहे.

एक अगदी साधी गरज घेऊ. नवी डिरेक्टरी करायची आणि लगेच तिच्यात जायचे. 'एमकेडीआयआर' आणि 'सीडी' या दोन आज्ञा एका वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहिल्या, तर डिरेक्टरी तयार होते, पण आपण जिथल्या तिथेच राहतो. कारण ती स्क्रिप्ट चालवायला शेल नवी प्रोसेस सुरू करतो. जागा बदलते ती त्या प्रोसेसपुरती, आणि ती संपली की बदलही संपतो. म्हणून इथे फंक्शनच हवे, ते चालू शेलमध्येच चालते. दोन ओळींच्या सोयीपायी प्रोसेस म्हणजे काय ते नीट कळते, आणि असे कळलेले सहसा विसरत नाही.

मात्र या मोकळिकीला एक पथ्य आहे : नवी आज्ञा खुशाल करावी, जुनीचा अर्थ बदलू नये. फाइल पुसणाऱ्या 'आरएम'वर तिच्याच नावाचा एलियस चढवून, पुसण्याआधी दरवेळी विचारण्याची सोय बरेच जण करतात. हेतू चांगलाच असतो, पण हळूहळू हाताला त्या प्रश्नाची सवय लागते. मग एखाद्या सर्व्हरवर, जिथे आपली मांडणी नाही, तीच आज्ञा दिली की फाइल काही न विचारता जाते. त्यापेक्षा फाइल एका राखीव डिरेक्टरीत हलवणारे 'कचरा' नावाचे फंक्शन करावे. परक्या मशीनवर ते नसेल, तर अशी आज्ञा सापडत नाही एवढेच शेल सांगेल आणि फाइल शाबूत राहील.

सोय नसेल तेव्हा काम अडावे, पण नुकसान होऊ नये, ही चांगल्या सोयीची कसोटी. 'आरएम', 'एलएस', 'सीडी' या आज्ञा सगळ्यांच्या आहेत. दुसऱ्याच्या मशीनवर बसून त्याची अडचण सोडवता येते ती त्यांचा अर्थ सगळीकडे सारखा असतो म्हणूनच. आपल्या आज्ञांना आपली नावे द्यावीत, वर एका ओळीची टिपण्णी लिहावी आणि बाकी हवे ते स्वातंत्र्य घ्यावे.