यात्रेकरूचे परान्न

यात्रेकरूने वाटेत दुसऱ्याचे अन्न खावे की नाही, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न आहे. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थमाहात्म्य सांगतात. यज्ञाला मोठी सामग्री आणि धन लागते, तो राजांना व श्रीमंतांनाच परवडतो; तीर्थयात्रा मात्र निर्धनालाही साधते आणि तिचे पुण्य यज्ञाहून अधिक, असे त्यांचे सांगणे आहे. पण यात्रेचे फळ कोणाला मिळते, याच्या अटीही तिथेच येतात. तो प्रतिग्रह, म्हणजे दान घेणे, टाळणारा असावा. मिळेल त्यात संतुष्ट आणि अल्पाहारी असावा. गाठीला पैसा नसलेल्याने यात्राही करावी आणि दानही घेऊ नये, हा पेच इथे उभा राहतो.

त्यावरचा पहिला उपाय शिदोरीचा. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या सोवळ्याच्या नियमांतही प्रवासात चालत आणि साध्या पोळीपेक्षा अधिक टिकत. जोडीला पोहे, लाह्या, सातूचे पीठ, गूळ. आचार, टिकाऊपणा आणि काटकसर यांची सोय एकाच गाठोड्यात होई. मात्र शिदोरी काही दिवसच पुरते. पायी काशीला जाणाऱ्याला महिनोन्‌महिने लागत, तेव्हा परान्न टळणे शक्य नव्हते.

दुसरा उपाय गृहस्थधर्मातून येतो. पंचमहायज्ञांपैकी एक यज्ञ अतिथीला जेवू घालण्याचा आहे. त्यामुळे भुकेला वाटसरू दारी आला, की घरधन्याला आपले कर्तव्य पार पाडण्याची संधी मिळते. वाटसरू केवळ याचक उरत नाही. मनुस्मृती या नात्याला मर्यादाही घालते. अतिथी एका रात्रीपुरताच. त्याच गावचा रहिवासी अतिथी ठरत नाही. आणि जो गृहस्थ दुसऱ्याच्या घरच्या जेवणावर टपून राहतो, तो पुढच्या जन्मी अन्नदात्याचे जनावर होतो, असा इशारा तिथे आहे. म्हणजे दोष अन्नात नसून सवयीत आहे.

तिसरा उपाय माधुकरीचा. मधमाशी फुलाला धक्का न लावता थोडा थोडा मध घेते, तसे अनेक घरांतून थोडे थोडे अन्न घ्यायचे. कोणा एका घरावर भार पडत नाही आणि घेणारा कोणा एकाचा मिंधा होत नाही. महानुभाव संन्याशांच्या आचारात भिक्षेला मोठे स्थान आहे. समर्थ रामदासांनीही दासबोधात भिक्षेवर स्वतंत्र समास लिहिला.

चौथा उपाय समूहाचा. शिखांच्या लंगरात राजा आणि रंक एकाच पंगतीत बसतात. संगतीआधी पंगत, हा दंडक तिसरे गुरू अमरदास यांच्या नावाने सांगितला जातो. नांदेडच्या हुजूर साहिबमध्येही लंगर चालतो. पंढरीच्या वारीत दिंडीकरी भिशी भरतात, शिधा एकत्र होतो. वाटेवरची गावेही पिठलं-भाकरी घेऊन पुढे येतात. समूहाच्या चुलीने भेद आपोआप मिटतात असे मात्र नाही. एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण जातवार वेगळे, हा विरोध इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवला आहे.

शेगाव, शिर्डी, अक्कलकोट येथील अन्नछत्रांत मूळ पेच वेगळ्या रीतीने सुटतो. पानात पडते ते प्रसाद म्हणून. धान्य आणि पैसा भक्तांचा असला तरी देणारा देव मानला जातो, त्यामुळे ते स्वीकारण्यात प्रतिग्रहाचा दोष उरत नाही. उलट प्रसाद नाकारणे हाच दोष समजतात.

ऐपत असलेल्याने असे अन्न घ्यावे का, हा प्रश्न तरीही राहतो. अन्नछत्र कोणाची ऐपत विचारत नाही, म्हणून विचार करण्याची जबाबदारी जेवणाऱ्यावर येते. वरील सर्व मार्गांतून तीन मर्यादा हाती लागतात: भुकेपुरतेच घ्यावे आणि पानात टाकू नये, एकाच दाराची सवय लावून घेऊ नये, आणि मिळालेल्याची फेड दानपेटीत, वाढण्या-घासण्याच्या सेवेत किंवा पुढच्या वाटसरूला जेवू घालून करावी. या मर्यादा पाळणाऱ्याचे जेवण स्वस्त असले, तरी फुकटचे ठरत नाही.