अशुभ दिवस आणि प्रभूचा दिवस

अमावास्येस नवे वाहन घरी आणू नये, पितृपंधरवड्यात घराचा पाया घालू नये, पौषात लग्न करू नये, हा धाक खेड व मावळ तालुक्यांतील आमच्या ख्रिस्ती घरांतूनही पुरता गेलेला नाही. घरात पंचांग नसते. तरी शेजाऱ्यास विचारून खात्री करून घेणारे बंधू आहेत. हटकले तर म्हणतात, "आम्ही मानीत नाही; पण विषाची परीक्षा कशाला?"

गंमत अशी की, चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीचा कामगार अमावास्येच्या रात्रीही मुकाट्याने यंत्रापाशी उभा राहतो. पगार बुडेल तेथे अमावास्या आड येत नाही. दिवस आपल्या मर्जीचा असेल तेथेच येते.

ह्यावरून हिंदू शेजाऱ्यांस मात्र हसू नये. हेरोदाने बेथलेहेमातील बालके मारविली, त्यांच्या स्मरणाचा दिवस २८ डिसेंबर. आयर्लंडातील खेडूत ख्रिस्ती लोक तो अशुभ मानीत. इतकेच नव्हे, तर तो ज्या वारी येई त्या वारी पुढे वर्षभर नवे काम आरंभीत नसत. तेथे पंचांग नव्हते. देवळाच्या सणातूनच त्यांनी अपशकुन काढिला.

आपण रविवारचे असेच करितो काय? पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या पुष्कळ कारखान्यांत साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. रविवारी पाळीवर जाणाऱ्या बंधूस कोणी म्हणतो, "प्रभूचा दिवस मोडिलास, म्हणून पोर आजारी पडले." बोलणे भक्तीचे दिसते, पण त्यात रविवार हा मुहूर्त झाला, आणि आपला स्वर्गीय पिता शनीसारखा कोपणारा ग्रह झाला! दिवस, महिने व वर्षे पाळण्यावरून पौलाने गलतीकरांस दोष दिला. त्यानेच रोमकरांस लिहिले की, दिवस पाळणाऱ्याने तो प्रभूसाठी पाळावा. रविवारी प्रभू उठला व त्या दिवशी मंडळी जमते, म्हणून आपण तो पाळितो. त्या वाराच्या अंगी काही गुण आहे म्हणून नव्हे.

घरात वृद्ध हिंदू आई आहे, तिच्या जिवास घोर लागू नये म्हणून कोणी वाहन दोन दिवसांनी आणिले, तर मला त्यात दोष दिसत नाही. तो आईसाठी थांबला, अमावास्येस भ्याला नाही. परंतु आजाऱ्यास दवाखान्यात नेण्याचे काम अमावास्येसाठी लांबत असेल, तर तेथे आईचेही ऐकू नये.

आणि ज्यांस रविवारी येता येत नाही, त्यांस बोल लावण्यापेक्षा पाळकांनी व उपदेशकांनी त्यांच्यासाठी गुरुवारी सायंकाळी उपासना ठेवावी, आणि प्रभुभोजनही त्याच वेळी द्यावे.